परकी विमानं, स्थानिक फौज: हवाई हल्ल्यांनी कट्टरपंथी बंड मोडतं का?

नकाशावेडा, औंध

प्रश्न साधा आहे. कट्टरपंथी सशस्त्र गट गावं-शहरं बळकावतोय, जमिनीवर तिथलीच फौज लढतेय आणि वरून परक्या देशाची विमानं बॉम्ब टाकताहेत. याने बंड मोडतं का? माझं उत्तर 'हो' आहे आणि त्याला आधार कोबानीचा.

सप्टेंबर २०१४ मध्ये इसिसने सीरियातल्या, तुर्कस्तानच्या सीमेला चिकटलेल्या या कुर्दी शहराला तीन बाजूंनी वेढलं. जूनमध्ये इराकमधलं मोसूल पडल्यावर हाती लागलेली जड शस्त्रं त्यांच्याकडे होती. वायपीजी या कुर्दांच्या सशस्त्र गटाकडे मुख्यतः रायफली आणि मशीनगन. ऑक्टोबरात इसिस शहरात घुसली. तरीही अमेरिकी आघाडीच्या विमानांचा मारा चालू राहिला. २० ऑक्टोबरच्या सुमारास शस्त्रं आणि औषधांची २७ बंडलं हवेतून टाकली गेली, त्यातलं एक इसिसच्याच हाती पडलं. महिनाअखेरीस इराकमधले पेशमर्गा, म्हणजे तिथले कुर्दी सैनिक, तुर्कस्तानमार्गे तोफा घेऊन पोचले. जानेवारी २०१५ अखेर शहर मोकळं झालं.

हे का जमलं? शहर घ्यायचं तर हल्लेखोराला माणसं, गाड्या, दारूगोळा एका जागी आणावा लागतो आणि तो जमाव वरून दिसतो. समोर कोणी ठाम उभंच नसेल तर जमवाजमव करायची गरजही पडत नाही, चार मोटारसायकली पुरतात. खालची फौज टिकते म्हणून शत्रू गोळा होतो आणि गोळा होतो म्हणून विमानाला सापडतो. नोव्हेंबर २००१ मध्ये अफगाणिस्तानातलं मझार-ए-शरीफ असंच तालिबानच्या हातून गेलं.

पर्वतीपायथा

नकाशावेडा, कोबानी हे बंडाचं उदाहरणच नाही. तिथे इसिस सैन्यासारखी लढत होती, रणगाडे घेऊन, झेंडे लावून. सैन्याला विमानाने मोडता येतं, यावर वादच नाही. बंडखोर म्हणजे दिवसा शेतात आणि रात्री रस्त्यात सुरुंग पुरणारा माणूस. त्याच्यावर टाकायला कितीही बॉम्ब असले तरी तो नेमका कोण, हे वरून कळत नाही.

अफगाणिस्तानचा आकडा बघा. २०१९ या एका वर्षात तिथे आघाडीच्या विमानांनी ७,४२३ बॉम्ब आणि क्षेपणास्त्रं डागली. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हातात. मधल्या काळात काय झालं ते जास्त महत्त्वाचं. अफगाण फौज शेकडो लहान चौक्यांत विखुरलेली होती. एकेका चौकीत मूठभर माणसं. चौकीवर हल्ला झाला की विमान बोलवायचं, हाच बचाव. गस्त घालणं, शेजारच्या चौकीला रस्त्याने रसद पोचवणं, ही कामं मागे पडली. २९ फेब्रुवारी २०२० च्या अमेरिका-तालिबान दोहा करारानंतर अमेरिकी हल्ले घटले आणि तालिबानला उघडपणे जमता येऊ लागलं. अफगाण हवाई दल होतं, पण त्याची देखभाल परदेशी कंत्राटदारांच्या जिवावर. २०२१ मध्ये ते निघून गेले तशी विमानं जमिनीवर बसू लागली. गोळ्या आणि धान्य संपलेल्या चौक्यांनी हत्यारं खाली ठेवली.

तुम्ही म्हणता विमान फौजेला बळ देतं. माझं म्हणणं, ते फौजेच्या सवयी बिघडवतं. आणि परकं विमान कधी ना कधी परत जातंच.

नळस्टॉप

दोघांच्याही बोलण्यात एक दुवा सुटतोय. खालच्या माणसाचं म्हणणं वरच्या बॉम्बपर्यंत पोचतं कसं? बहुतेक घोटाळे तिथेच होतात.

प्रशिक्षित हवाई नियंत्रक वैमानिकाला ठरलेल्या नऊ ओळींत माहिती देतो: कुठून यायचं, कोणती दिशा, किती अंतर, लक्ष्याची उंची, वर्णन, ठिकाण, खूण कशी केली आहे, आपली माणसं कुठे आहेत, बाहेर कसं पडायचं. उंची आणि ठिकाण वैमानिकाने परत वाचून दाखवायचं, तो नियम मोडायचा नाही. स्थानिक लढवय्याकडे हे प्रशिक्षण नसतं. तो फोनवरून किंवा टॅबवरून बिंदू पाठवतो, दुभाषा तो सांगतो, दूरच्या कक्षातला अधिकारी ड्रोनच्या चित्राशी ताडून बघतो. प्रत्येक टप्प्यावर वेळ जातो आणि चूक शिरते.

पुण्यावरूनच समजून घ्या. शहराचा अक्षांश १८ अंश ३१ मिनिटं. कोणी तो दशांशात १८.३१ असा भरला, तर बिंदू दक्षिणेला सुमारे २३ किलोमीटर सरकतो, कात्रज घाट ओलांडून खेड-शिवापूरकडे. एवढी मोठी चूक पडताळणीत सापडते. उंचीची सापडत नाही. उपग्रहाच्या आधाराने जाणारा बॉम्ब ४५ अंशांत उतरत असेल आणि उंची ३० मीटरने चुकलेली असेल, तर तो जमिनीवरही ३० मीटर बाजूला पडतो. ६० अंशांत उतरला तर साधारण १७ मीटर. कसब्यातल्या गल्लीत ३० मीटर म्हणजे दोन-तीन वाडे पलीकडे.

प्रशिक्षित माणसंही चुकतात. ५ डिसेंबर २००१ ला अफगाणिस्तानात कंदाहारच्या उत्तरेला अमेरिकी नियंत्रकाच्या जीपीएस यंत्राची बॅटरी बदलली गेली. यंत्र पुन्हा चालू झालं ते स्वतःच्याच जागेचा बिंदू दाखवत. तोच पुढे गेला आणि २,००० पाउंडी बॉम्ब स्वतःच्या माणसांवर आला. तीन अमेरिकी सैनिक आणि त्यांच्यासोबतचे अफगाण मेले, पुढे अफगाणिस्तानचे अध्यक्ष झालेले हमीद करझाई थोडक्यात वाचले. अफगाणिस्तानातल्याच कुंदूझमध्ये ३ ऑक्टोबर २०१५ ला दिलेला बिंदू अमेरिकी विमानाच्या यंत्रणेने मोकळ्या मैदानावर दाखवला. मग चालकांनी तोंडी वर्णनाशी जुळणारी इमारत शोधली. ते रुग्णालय निघालं. ४२ माणसं गेली.

नकाशावेडा, औंध

नळस्टॉप, तपशील मान्य. पण २०१६-१७ मध्ये इराकी फौज इसिसकडून मोसूल परत घेत होती, तेव्हा तिथे अशा अडचणींवर उपाय निघाले, तेही बघा. इसिसचं मुख्य हत्यार होतं चिलखत चढवलेली स्फोटकांची गाडी. आडव्या गल्लीतून ती सुसाट येऊन इराकी तुकडीवर आदळायची. उपाय असा की तुकडी पुढे सरकली की बुलडोझरने गल्लीच्या तोंडाशी मातीचा बांध घालायचा आणि पुढच्या रस्त्यांवर विमानाने खड्डे पाडायचे. खड्ड्यातून गाडी जात नाही. तैग्रिसवरचे पाचही पूल हवाई हल्ल्यांनी निकामी केले गेले, म्हणून पश्चिमेकडची कुमक पूर्व भागात सहज येईना. म्हणजे बॉम्ब दरवेळी माणसावरच टाकायचा नसतो, तो रस्त्यावरही टाकता येतो. पर्वतीपायथा, तुमच्या 'कोण ते कळत नाही' या आक्षेपाला हे उत्तर आहे.

डिसेंबर २०१६ मध्ये हल्ल्याला मंजुरी देण्याचा अधिकार लढाईच्या जागेजवळच्या अधिकाऱ्यांकडे सोपवला गेला. त्यामुळे वाट बघणं कमी झालं.

पर्वतीपायथा

आणि त्यानंतर १७ मार्च २०१७. पश्चिम मोसूलच्या जदिदा भागात छतावरच्या दोन नेमबाजांवर ५०० पाउंडी बॉम्ब टाकला. खाली घरात आसऱ्याला बसलेली शंभराहून जास्त माणसं गाडली गेली. अमेरिकी चौकशी म्हणाली, घरात इसिसने ठेवलेली स्फोटकं उडाली. रहिवाशांना ते पटलं नाही. अधिकार खाली सोपवल्याने वेग वाढतो हे खरं, पण छताखाली कोण आहे हे विचारणारा एक माणूस साखळीतून कमी होतो. दोन नेमबाजांसाठी एवढा बॉम्ब, हा हिशेब मला आजही मान्य नाही. ती माणसं मोसूलचीच होती, ज्यांच्यासाठी शहर सोडवायचं होतं.

सिंहगड रोड

आपल्याकडची दोन उदाहरणं घालतो. ती परक्या विमानांची नाहीत, पण मुद्दा तोच आहे.

मार्च १९६६ मध्ये मिझो बंडखोरांनी आयझॉलमध्ये आसाम रायफल्सच्या ठाण्याला वेढा घातला. ५ मार्चपासून भारतीय हवाई दलाच्या तुफानी आणि हंटर विमानांनी शहरावर मारा केला. वेढा सुटला. बंड मात्र पुढे २० वर्षं चाललं आणि ३० जून १९८६ च्या कराराने मिटलं. मिझोरममध्ये त्या बॉम्बची आठवण अजून जिवंत आहे. स्वतःच्या सरकारची विमानं लोक विसरत नाहीत, तर परक्यांची कशी विसरतील?

दुसरं गडचिरोली. १९९० मध्ये नक्षलवाद्यांविरुद्ध उभ्या केलेल्या पोलिसांच्या सी-६० पथकात स्थानिक तरुण घेतले. त्यांना गोंडी-माडिया कळते, पायवाटा ठाऊक असतात. हेलिकॉप्टर वापरलं ते जखमींना उचलायला, माणसं न्यायला-आणायला. जखमी झालो तर आपल्याला इथून नेतील, ही खात्री जवानाला जंगलात आत जायला बळ देते. परक्या देशाला खरंच मदत करायची असेल तर बॉम्बच्या आधी ही द्यावी.

नकाशावेडा, औंध

सिंहगड रोड, गडचिरोलीत रणगाडे घेऊन शहर वेढणारं कोणी नव्हतं. कोबानीत ऑक्टोबर २०१४ मध्ये फक्त हेलिकॉप्टरने जखमी उचलत बसलो असतो तर उचलायलाही कोणी उरलं नसतं. जखमी नेण्याच्या मदतीला माझा पाठिंबाच आहे, पण ती बॉम्बच्या जागी चालत नाही.

नळस्टॉप

सोमालिया बघा, तुम्हा दोघांचंही थोडं थोडं बरोबर निघेल. तिथल्या अल-शबाब या कट्टरपंथी संघटनेचा प्रमुख गोदाने सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकी हल्ल्यात मेला. नवा प्रमुख लगेच नेमला गेला, संघटना चालू राहिली. २०२२ मध्ये मात्र मध्य सोमालियात टोळ्यांनीच हत्यार उचललं. खंडणी आणि पोरं पळवण्याला ते विटले होते. त्यांच्या मागे सरकारी फौज, वर अमेरिकी ड्रोन. जे आठ वर्षांत झालं नव्हतं ते काही महिन्यांत झालं आणि डिसेंबर २०२२ मध्ये आदन याबाल हे गाव अल-शबाबकडून सुटलं.

एप्रिल २०२५ मध्ये ते गाव अल-शबाबने परत घेतलं. ड्रोन तेव्हाही होते. म्हणून माझा प्रश्न गाव सुटल्यानंतरच्या दिवसाबद्दल आहे. तिथल्या शिपायाचा पगार कोण देतो, पाण्याची विहीर कोण राखतो आणि टोळीच्या भांडणाचा निवाडा कोण करतो? नकाशावेडा, कोबानीत या तिन्हीला कुर्दांकडे उत्तर होतं. आदन याबालमध्ये कोणाकडे होतं, ते सांगा.