धोरण कोर्टाने ठरवायचं का?

कोथरूडकर:
टेकडीवरची बांधकामं, नदीकाठची झाडं, काहीही झालं की आपण पुणेकर कोर्टात नाहीतर हरित लवादात धाव घेतो. पण धोरण ठरवायला आपण माणसं निवडून देतो ना? मला हे मनापासून खटकतं.

पेठेतली:
नेते गप्प बसले तर काय करायचं सांगा. कामाच्या ठिकाणी बायकांचा छळ होतो त्यावर वेगळा कायदाच नव्हता, १९९७ ला विशाखा निकालात सुप्रीम कोर्टाने नियम घालून दिले आणि संसदेने कायदा केला तो थेट २०१३ ला, तोवर सगळं त्या निकालावरच चाललं. शाळेतली खिचडी घ्या, २००१ मध्ये कोर्टाने शिजवलेलंच जेवण द्या म्हणून आदेश दिला, त्याआधी बऱ्याच राज्यांत पोरांना नुसतं कोरडं धान्य मिळायचं.

सिंहगडरोडवाला:
पटतं, पण मर्यादा हवीच. हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत असा आदेश २०१६ ला आला, मग २०१७ ला कोर्टालाच त्यात सवलत द्यावी लागली. किती रोजगार जाईल, महसूल किती बुडेल, हे तपासायला कोर्टाकडे खातं नसतं हो.

पेठेतली:
अहो, आपल्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली, नंतर कारभार प्रशासकाकडे गेला. निवडणुका घ्या म्हणून मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेच बजावलं ना?

कोथरूडकर:
हो, पण ज्यामुळे या निवडणुका रखडल्या तो ओबीसी आरक्षणाचा खटलाही तिथेच इतकी वर्षं अडकला होता, ते कसं विसरायचं?