फायबर बॉडीच्या किट कारमध्ये ब्रेक दाबल्यावर डावा ब्रेक लाइट लागत नाही, उलट टेल लाइट मिणमिणतात

चेसिसवाला (कोल्हापूर)

नमस्कार. मी आणि माझा मित्र मिळून एक दोन आसनी किट कार जुळवत आहोत. चेसिस चौकोनी लोखंडी पाइपची असून तिला शिरोलीत पावडर कोटिंग करून घेतले आहे, बॉडी फायबरची आहे, आणि इंजिन, गिअरबॉक्स व पेडल जुन्या मारुती ८०० मधून काढलेले आहेत. मागचे दिवे मात्र ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीला असतात तसे गोल बसवले, कारण बॉडीच्या त्या जागेत दुसरे काही मावत नव्हते. गाडी सध्या वर्कशॉपच्या आवारातच फिरते.

अडचण अशी की, पार्किंग लाइट बंद असताना ब्रेक दाबला तर उजवा ब्रेक लाइट लख्ख लागतो, पण डावा लागत नाही. त्याऐवजी दोन्हीकडचे टेल लाइट, नंबरप्लेटचा दिवा आणि मीटरमागचे दिवे मिणमिणू लागतात. पार्किंग लाइट चालू असताना दोन्ही टेल लाइट ठीक दिसतात, मात्र ब्रेक दाबताक्षणी डावा दिवा पूर्ण विझतो. फ्यूज शाबूत आहे आणि बल्ब नवा घालून पाहिला. बल्ब काढून होल्डरमधील ब्रेकच्या टोकाला १२.४ व्होल्ट मिळतात. अर्थच्या, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या वायरला थिंबलच्या (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीच्या) टोकापासून बोल्टच्या डोक्यापर्यंत मल्टिमीटरची बीपही वाजते. ब्रेक स्विच बदलावा काय?

उद्यमनगरी

स्विचला हात लावू नका. स्विच बिघडला असता तर उजवा दिवाही लागला नसता, कारण दोन्ही दिव्यांना वीज त्याच एका स्विचमधून जाते. आपण सांगितलेली लक्षणे डाव्या दिव्याला अर्थ मिळत नसल्याची आहेत.

आपल्या दिव्यात २१ वॅट आणि ५ वॅट अशा दोन फिलामेंटचा बल्ब असणार. या दोन्ही फिलामेंटचे एक टोक बल्बच्या पितळी टोपीला, म्हणजे अर्थला, जोडलेले असते. अर्थ तुटला की ब्रेकची वीज २१ वॅटच्या फिलामेंटमधून टोपीपर्यंत येते आणि तिथे वाट न मिळाल्यामुळे ५ वॅटच्या फिलामेंटमधून उलटी टेल लाइटच्या वायरीत शिरते. ती वायर उजव्या टेल लाइटला, नंबरप्लेटच्या दिव्याला आणि मीटरच्या दिव्यांना जोडलेली असल्यामुळे त्यांच्यातून वीज बॅटरीकडे परतते. या वाटेवर २१ वॅटच्या फिलामेंटचा रोध सर्वांत कमी असल्याने त्याच्या वाट्याला फारसा व्होल्टेज येत नाही; म्हणून तो लागत नाही आणि बाकीचे मिणमिणतात.

पार्किंग लाइट चालू ठेवून ब्रेक दाबल्यावर दिवा विझतो, हा तर जवळजवळ पुरावाच आहे. त्या वेळी दोन्ही फिलामेंटच्या वायरींवर सारखेच १२ व्होल्ट असतात आणि परतीची वाट कुठेच नसते, मग वीज वाहणार कुठे? ब्रेक न दाबता डावा टेल लाइट ठीक दिसतो, तोही फसवा आहे; तेव्हा त्याची वीज डाव्या ब्रेकच्या फिलामेंटमधून उलटी ब्रेकच्या वायरीत शिरून उजव्या ब्रेकच्या फिलामेंटमधून अर्थला जात असते.

बीपबद्दल बोलायचे तर आपण वायर तपासली, सांधा नव्हे. बोल्टचे डोके आणि चेसिस यांच्यामध्ये पावडर कोटिंगचा थर असेल तर तिथे विजेची वाट बंद होते. लोखंडी पत्र्याच्या गाडीत दिव्याचा बोल्टच अर्थचे काम करतो आणि ट्रॉलीचे दिवे त्याच हिशेबाने बनवलेले असतात. फायबरमधून वीज जात नाही, तेव्हा परतीची वायर आपल्यालाच ओढावी लागते. मल्टिमीटरची काळी पिन थेट बॅटरीच्या ऋण टोकाला आणि लाल पिन दिव्याच्या होल्डरच्या पत्र्याला लावा. बल्ब जागेवर असू द्या आणि दुसऱ्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थ खराब समजावा.

सर्किटवेडा

वरील उत्तराशी सहमत आहे, मात्र आणखी एक शक्यता अगोदर पाहून घ्यावी, कारण ती पाहायला एक मिनिट पुरते. दोन फिलामेंटच्या होल्डरमध्ये चुकून एका फिलामेंटचा बल्ब बसला तर त्याचे मधले एकच टोक होल्डरच्या दोन्ही संपर्कांना जोडून टाकते, आणि ब्रेक दाबल्यावर टेल लाइट व मीटरचे दिवे लागतात. दोन फिलामेंटच्या बल्बच्या पिना कमीजास्त उंचीवर असतात, त्यामुळे चांगल्या होल्डरमध्ये असा घोटाळा होत नाही. पण हलक्या होल्डरमध्ये वाटेल तो बल्ब दाबून बसतो. फरक इतकाच की, अशा वेळी ते दिवे मिणमिणत नाहीत, पूर्ण उजेडाने लागतात. आपल्या वर्णनावरून तरी हे नसावे.

चेसिसवाला (कोल्हापूर)

दोघांचेही आभार. बल्ब दोन फिलामेंटचाच आहे. सांगितल्याप्रमाणे मोजले, तर डावीकडे साडेअकरा व्होल्टच्या आसपास आणि उजवीकडे ०.१ असा आकडा आला. बॅटरीच्या ऋण टोकापासून डाव्या होल्डरच्या पत्र्यापर्यंत एक सुटी वायर धरली, तर डावा ब्रेक लाइट लगेच लख्ख लागला आणि मीटरचे दिवे विझले. बोल्ट काढला तेव्हा थिंबलखाली कोटिंग अगदी नव्यासारखे गुळगुळीत निघाले. उजव्या बाजूला ते आटे पाडताना खरवडले गेले होते, म्हणूनच ती बाजू चालत असावी.

आता दुसरी शंका. पेडलच्या ब्रॅकेटला जागा नसल्यामुळे आम्ही ब्रेकच्या पाइपलाइनवर दाबाने चालणारा स्विच बसवला आहे. हलका ब्रेक लावला तर दिवे लागत नाहीत, जरा जोर द्यावा लागतो. हे चालते काय?

उद्यमनगरी

चालते, पण मला ते पसंत नाही. दाबाच्या स्विचला पाइपमध्ये ठरावीक दाब तयार व्हावा लागतो, त्यामुळे उतारावर पेडलवर नुसता पाय टेकवून गाडी सावरत असाल तर मागच्याला काहीच कळत नाही. शिवाय दोन दिव्यांचे मिळून साडेतीन अँपिअर सतत तोडून-जोडून त्याचे संपर्क जळतात. तो ठेवायचाच असेल तर मध्ये रिले (थोड्या विजेवर चालून मोठा प्रवाह जोडणारा स्विच) टाका. त्यापेक्षा एक पट्टी वेल्डिंग करून पेडलचाच स्विच बसवावा. बसवताना पेडल पूर्ण मागे आलेले असू द्या आणि स्विच इतकाच आत घ्या की पेडल जरा हलताच दिवा लागेल. तो जास्त आत घेतला तर पेडल किंचित दाबलेलेच राहते, मास्टर सिलिंडरमधून (पेडल दाबल्यावर ब्रेकच्या पाइपमध्ये दाब तयार करणाऱ्या सिलिंडरमधून) ऑइल परत जायचे छिद्र बंद होते आणि ब्रेक चिकटून ड्रम तापतात.

अर्थसाठी कोटिंग खरवडून चकचकीत लोखंड काढा, दातेरी वॉशर घाला, बोल्ट आवळून झाल्यावर वरून ग्रीस किंवा रंग लावा, नाहीतर आपल्याकडच्या एका पावसाळ्यात तिथे गंज धरेल. मी तर दोन्ही दिव्यांच्या अर्थच्या वायरी मागे एकत्र आणून एकच जाड वायर थेट बॅटरीपर्यंत नेईन आणि चेसिसवर विसंबणार नाही. नंबरप्लेटचा दिवाही त्याच वायरीला घ्यावा.