प्रति: प्रोटीनसाठी डिफ्रॅक्टोमीटर कुठला घ्यावा?

वर कुणी म्हटलंय की केमिस्ट्रीवाल्यांसोबत मिळून एकच मॉलिब्डेनम ट्यूबवालं डिफ्रॅक्टोमीटर (क्रिस्टलवर एक्स-रे टाकून रेणूची रचना काढायचं मशीन) घ्या, सगळ्यांचं भागेल. अहो नाही भागणार! प्रोटीनची युनिट सेल (क्रिस्टलमध्ये पुन्हा पुन्हा येणारा ठोकळा) मोठी, मॉलिब्डेनमच्या ०.७१ अँगस्ट्रॉम वेव्हलेंग्थला डिटेक्टरवरचे स्पॉट एकमेकांना चिकटतात आणि मुळातच कमजोर डिफ्रॅक्शन अजून कमजोर, म्हणून कॉपर ट्यूबच, वेव्हलेंग्थ १.५४. दोघांत शेअर करायचंच असेल तर ड्युअल सोर्स (एकाच मशीनमध्ये दोन्ही ट्यूब) बघा. रोटेटिंग अ‍ॅनोड (फिरत्या धातूच्या टार्गेटचा एक्स-रे सोर्स) दमदार खरा, पण फिलामेंट, व्हॅक्यूम, सील, काही ना काही चालूच, त्यात आमच्या इंदूरचा मे महिना म्हणजे चिलरची परीक्षा, त्यामुळे छोट्या लॅबला मायक्रोफोकस सील्ड ट्यूब (बारीक झोताची बंद ट्यूब) बरी. वाचलेले पैसे फोटॉन काउंटिंग डिटेक्टरमध्ये घाला. १०० केल्विनचा क्रायो (क्रिस्टल गार ठेवणारा नायट्रोजनचा झोत) तर हवाच, नाहीतर रेडिएशननं क्रिस्टल लवकर खराब होतो, आणि लिक्विड नायट्रोजन नेमानं कोण आणून देणार हे टेंडरच्या आधीच विचारून ठेवा बुवा.

बाकी इंदूरकरांनो, आपल्या आरआरकॅटमध्ये (राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे जोरदार एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्रावर, प्रोटीनची बीमलाइन (एक्स-रे झोताचं स्टेशन) आहेच की! तिथे वेव्हलेंग्थ बदलता येते, सेलेनियमवाला फेजिंग डेटा (स्पॉटवरून रचना काढायला लागणारी फेज मिळवायचा) तिकडेच घ्यायचा, कॉपर ट्यूबवर तो जमत नाही. घरच्या मशीनवर क्रिस्टल तपासायचे, चांगले तेवढे तिकडे न्यायचे.