शब्दचर्चा: जिप्सी, रोमा, रोमानी – मराठीत काय लिहावे?

बोरूबहाद्दर:
पोलंडमधल्या आउश्वित्झ-बिर्केनाऊ या नाझी छावणीत २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री झालेल्या हत्याकांडावरचा एक लेख मराठीत आणायचा आहे. एकाच समाजासाठी मूळ लेखात जिप्सी, रोम, रोमा, रोमानी, सिंती असे पाच शब्द आहेत. वर जर्मन कागदपत्रांतला 'त्सिगॉयनर' आहेच. पहिल्या खर्ड्यात सगळीकडे 'जिप्सी' केले, दुसऱ्यात 'भटके'. दोन्ही खटकतात. या शब्दांत नेमका फरक काय? आणि 'रोमा'ला विभक्तिप्रत्यय कसे लावावेत?

कोशवाचक:
अर्धा गोंधळ व्याकरणाचा आहे, म्हणून तो आधी निस्तरू. त्यांच्या भाषेत 'रोम' म्हणजे त्या समाजातला पुरुष. नवऱ्यालाही तोच शब्द. 'रोमनी' म्हणजे बाई किंवा बायको. 'रोमा' हे अनेकवचन. 'रोमानो, रोमानी, रोमाने' ही विशेषणाची रूपे, नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलणारी. भाषेला ते 'रोमानी छिब' म्हणतात, कारण 'छिब' स्त्रीलिंगी आहे. समाजाबाहेरचा माणूस तो 'गाजो', बाई 'गाजी', अनेक असतील तर 'गाजे'. कोकणीतल्या घोडो-घोडी-घोडेसारखेच चालते.

काटेकोरपणे पाहिले तर 'एक रोमा मुलगा' चुकीचे ठरते. पण इतर भाषांनी 'रोमा' हाच शब्द नाम आणि विशेषण म्हणून उचलला आहे. मराठीतही 'रोमा मुलगा, रोमा वस्ती' चालवून घ्यावे आणि 'रोमानी' फक्त भाषेसाठी राखावा. या शब्दाचा रोमानिया देशाशी किंवा रोम शहराशी व्युत्पत्तीने काही संबंध नाही. रोमानियाचे नाव रोमन साम्राज्यावरून आले. ही गल्लत टाळण्यासाठी रोमानियात कित्येकदा दोन 'र' लावून 'र्रोम' लिहितात.

'रोम'चे मूळ संस्कृत 'डोम्ब' हेच बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. आरंभीच्या मूर्धन्य 'ड'चा युरोपात 'र' झाला, आर्मेनियात 'ल' झाला (लोम) आणि पश्चिम आशियात 'द' झाला (दोम). तडागचे तळे करणाऱ्या मराठी कानाला हे परके वाटू नये. मराठीतले डोंब, डोंबारी याच शब्दकुळातले दिसतात. मात्र शब्दाचे कूळ एक म्हणून माणसांचेही कूळ एक, असा अर्थ काढू नये. 'डोम्ब' हा शब्द भारतात वेगवेगळ्या प्रांतांत गाणाऱ्या-वाजवणाऱ्या आणि कारागीर अशा अनेक समूहांना लावलेला आहे.

घाटवाट:
'जिप्सी' हा मुळात चुकीचा पत्ता आहे. पंधराव्या शतकात पश्चिम युरोपात पोहोचलेल्या टोळ्या आपण 'छोट्या इजिप्त'हून आलो असे सांगत. १४२७ मध्ये पॅरिसच्या वेशीवर आलेल्या तांड्याचीही हीच कथा होती. इंग्रजीत 'इजिप्शियन'चे झिजून 'जिप्सी' झाले, स्पॅनिशमध्ये 'हितानो', फ्रेंचमध्ये 'जितां'. फ्रेंचांनी त्यांना 'बोहेमियां'ही म्हटले, कारण काहींजवळ बोहेमियाच्या राजाची अभयपत्रे असत. म्हणजे इजिप्त झाले, बोहेमिया झाले, फक्त खरा पत्ता राहिला. तो म्हणजे भारत, हे १७८२ मध्ये जर्मन अभ्यासक र्‍यूडिगरने भाषेच्या तुलनेतून दाखवले.

'त्सिगॉयनर, त्सिगान, चिंगेने, झिंगारो' हे कुटुंब वेगळे आहे. ते ग्रीक 'अथिंगानोई'वरून आले असे सहसा मानतात. या शब्दाचा अर्थ 'न शिवणारे'. इथे मराठी लेखक हमखास घसरतात आणि 'युरोपातही त्यांना अस्पृश्यच म्हणत' असे लिहून मोकळे होतात. अथिंगानोई हा आशिया मायनरमधला एक पाखंडी ठरवलेला ख्रिस्ती पंथ होता आणि परक्याचा स्पर्श टाळणारे ते स्वतः होते. ज्योतिष-जादूटोण्याच्या लौकिकामुळे पुढे ते नाव नव्या लोकांना चिकटले. आपल्याकडच्या अस्पृश्यतेचा तिथे काही धागा नाही.

हे दुसरे कुटुंब जास्त बोचते, त्याला कारण आहे. वालाचिया आणि मोल्दाविया या आजच्या रोमानियातल्या संस्थानांत 'त्सिगान' आणि 'गुलाम' हे शब्द कायद्याच्या भाषेत जवळजवळ एकच होते. मठाला चाळीस त्सिगान कुटुंबे दान दिल्याचा दस्तऐवज १३८५ चा आहे. मोल्दावियात मुक्ती १८५५ च्या डिसेंबरात मिळाली, वालाचियात १८५६ मध्ये. पावणेपाचशे वर्षे विक्रीखतात वापरलेला शब्द आहे तो. पुढे नाझींनी 'त्सिगॉयनर'चे पहिले अक्षर 'झेड' आउश्वित्झमध्ये त्यांच्या हातावर गोंदले. २०२० मध्ये जर्मनीतल्या एका मोठ्या कंपनीने आपल्या सॉसच्या बाटलीवरून हा शब्द काढला, तेव्हा 'एवढ्याशा गोष्टीचा बाऊ' म्हणणाऱ्यांना हे अक्षर आठवत नसावे.

रानवाटा:
एक शंका. ताडोबाच्या गेटवर 'जिप्सी बुक केली' म्हणतात, तेही आता सोडायचे का?

घाटवाट:
नाही. तिथे तो मारुतीच्या १९८५ सालच्या गाडीवरून रूढ झालेला शब्द आहे, उघडी सफारी गाडी एवढाच त्याचा अर्थ. प्रश्न माणसांना उद्देशून वापरण्याचा आहे. आणि तिथेही सरसकट नियम नको. ब्रिटनमधले अनेक जण स्वतःला जिप्सी म्हणवतात, २०११ च्या तिथल्या जनगणनेत तसा रकाना होता. २०२१ मध्ये त्याच्या शेजारी 'रोमा' हा वेगळा रकाना आला. स्पेनमध्ये 'हितानो' हे अभिमानाचे नाव आहे. त्यामुळे ब्रिटनच्या संदर्भात जिप्सी, स्पेनच्या संदर्भात हितानो आणि इतरत्र रोमा असे ठेवता येईल. आयरिश ट्रॅव्हलर मात्र यात धरू नका. ते आयर्लंडचेच आहेत, त्यांचा भारताशी संबंध नाही.

नीरक्षीर:
'भटके' का खटकते तेही सांगतो. महाराष्ट्रात 'भटक्या जमाती' ही शासकीय यादी आहे. वाचकाच्या डोळ्यांसमोर जातीचा दाखला येतो, पोलंडमधली छावणी येत नाही. दुसरे म्हणजे ते खरेही नाही. युरोपात सुमारे १ ते १.२ कोटी रोमा आहेत असा युरोप परिषदेचा अंदाज आहे आणि त्यांतले बहुसंख्य पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहणारे आहेत. स्पेनच्या राजाने १७४९ च्या जुलैत सगळ्या हितानोंना एकाच वेळी पकडण्याचा हुकूम काढला. त्यात सापडले ते मुख्यतः घरदार असलेले, कारण त्यांचे पत्ते माहीत होते! जे फिरत होते ते निसटले. हंगेरीत राणी मारिया थेरेसाने उलट मार्ग धरला. फिरण्यावर बंदी, घोडे ठेवण्यावर बंदी, आणि 'त्सिगान' नावाऐवजी 'नवे मगयार' (म्हणजे नवे हंगेरियन) असे नाव. कुठे हुसकावून लावायचे, कुठे जखडून ठेवायचे, आणि वर 'भटकणे यांच्या रक्तातच' असे म्हणायचे.

'बंजारा' हा पर्यायही कुणी सुचवेल. नको. बंजारांची गोरबोली राजस्थानी गटातली आहे. रोमानी त्या भाषांपासून सुमारे हजार वर्षांपूर्वीच वेगळी पडली. 'आपलेच भाऊबंद' हे भाषणात टाळ्या घेते, पण भाषेच्या पुराव्यावर उभे राहत नाही.

एक साम्य मात्र खरे आहे, पोटगटांची नावे धंद्यावरून पडण्याचे. काल्देराश म्हणजे तांब्याच्या कढया-हंडे करणारे, लोवारी घोड्यांचे व्यापारी, उर्सारी अस्वलवाले, चुरारी चाळण्या करणारे. आपल्याकडे घिसाडी, दरवेशी म्हणतो तसेच. पण ही पोटनावे आहेत, त्यांचे भाषांतर करू नका. 'अस्वलवाले' लिहिलेत तर आज लोहारकाम किंवा शिक्षकी करणारा माणूसही अस्वल घेऊन उभा राहतो.

चाफेकळी:
'रोमानी ही मराठीची बहीण' असे ढकलसंदेश फिरतात, म्हणून थोडे भाषेबद्दल. शब्द खरोखर ओळखीचे आहेत: पानी, कान, नाख, मानुश, गाव. फ्रान्समधल्या एका गटाचे नावच 'मानुश' आहे, फिनलंडमधल्या गटाचे 'काले'. 'लोन' म्हणजे मीठ, आपल्या लोणच्यातले लोण तेच. 'छावो' म्हणजे मुलगा, मराठी छाव्याच्या कुळातला. घोष महाप्राण व्यंजनांचे तिथे अघोष झाले आहे, म्हणून घरचे 'खेर', दुधाचे 'थुद', भुईचे 'फुव'. 'खाम' म्हणजे सूर्य. संस्कृत 'घर्म'चा आपल्याकडे घाम झाला, त्यांच्याकडे ऊन देणाराच झाला.

तरी ती मराठीची सख्खी बहीण नाही, हे नपुंसकलिंगावरून कळते. मराठीत 'ते' टिकले, रोमानीत हिंदीसारखे गेले, आणि जुनी नपुंसकलिंगी नामे बहुतेक पुल्लिंगात जाऊन बसली. मध्य भारतीय-आर्य भाषांत हा बदल पहिल्या सहस्रकाच्या अखेरीकडे झाला असे मानतात. त्यावरून त्यांच्या निघण्याच्या काळाचाही अंदाज बांधतात. प्रवासाचा मार्ग अंकांत दिसतो. एख, दुय, त्रीन, श्तार, पांज, शोव हे घरचे, पण सात-आठ-नऊ म्हणजे एफ्ता, ओख्तो, एन्या हे ग्रीक. ग्रीकभाषक मुलखात बराच काळ मुक्काम झाल्याशिवाय कुणी अंक बदलत नाही. दहा मात्र पुन्हा घरचा, 'देश'.

आणि 'सिंती म्हणजे सिंधी' हे कृपया लेखात घालू नका. हा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कुठे आढळत नाही, आणि त्याची रूपे युरोपीय भाषांतून उसन्या घेतलेल्या नामांसारखी चालतात, जुन्या भारतीय नामांसारखी नाहीत. सिंती हा जर्मन मुलखात फार पूर्वीपासून असलेला गट आहे. ते स्वतःला रोमामध्ये धरत नाहीत, म्हणून जर्मनीच्या संदर्भात 'सिंती आणि रोमा' असे जोडीनेच लिहावे.

बोरूबहाद्दर:
पुष्कळ उलगडले. आता विभक्ती. 'रोमांचा इतिहास' लिहिले तर…

कोशवाचक:
…अंगावर काटा येतो, बरोबर! 'रोमांचा, रोमांचे, रोमांची' हे सगळे 'रोमांच'कडे पळतात. एकवचनी 'रोम'ही मराठीत केस किंवा शहर. 'रोमाला' म्हटले तर कुणा रोमा नावाच्या मुलीला वाटेल. तेव्हा प्रत्यय 'रोमा'ला लावूच नये, मध्ये आधाराला नाम घ्यावे: रोमा लोकांचा इतिहास, रोमा समाजाला, रोमा कैद्यांनी. एकट्या व्यक्तीसाठी 'रोमा पुरुष', 'रोमा स्त्री'. मूळ उताऱ्यात 'रोमनी' आलाच तर पहिल्या वेळी अर्थ द्यावा.

जुने दस्तऐवज उद्धृत करताना शब्द बदलू नका. बिर्केनाऊच्या त्या विभागाचे नाव 'त्सिगॉयनरलागर' असेच ठेवा, अवतरणचिन्हांत. तिथे आणलेल्या सुमारे २३,००० जणांपैकी सुमारे २१,००० मेले. २ ऑगस्टच्या रात्री उरलेल्या सुमारे ४,३०० जणांना वायुकक्षात नेले. पश्चिम जर्मनीने हा वंशसंहार होता हे अधिकृतपणे मान्य केले ते १९८२ मध्ये. लेखकाच्या स्वतःच्या वाक्यांत मात्र 'रोमा आणि सिंती' हवे. 'रोमा' हे नाव १९७१ च्या एप्रिलात लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक परिषदेत त्यांच्या प्रतिनिधींनी स्वतः ठरवले. निळ्या-हिरव्या झेंड्यावरचे सोळा आऱ्यांचे चाकही तिथलेच.

नीरक्षीर:
त्या संहाराला लेखात काय म्हटले आहे? 'पोराइमोस' असेल तर तळटीप लागेल. त्या शब्दाचा अर्थ 'गिळंकृत करणे' असा सांगतात, पण काही बोलींत त्याला लैंगिक छटा आहे, म्हणून अनेक रोमा तो तोंडी घेत नाहीत. ते 'सामुदारिपेन' पसंत करतात: 'सा' म्हणजे सगळे, 'मुदारिपेन' म्हणजे ठार मारणे. शेवटचा '-पेन' हा आपलाच '-पण', दोन्ही संस्कृत '-त्वन'वरून आलेले. 'बारिपेन' म्हणजे मोठेपण.

बोरूबहाद्दर:
लेखात 'पोराइमोस'च आहे. तो तसाच ठेवून तळटीपेत 'सामुदारिपेन' देतो. एकच राहिले: 'छिब' लिहायचे की 'चिब'? इंग्रजी लिखाणात दोन्ही दिसतात.

चाफेकळी:
छिब. उच्चार महाप्राण आहे, रोमन लिपीत तो 'ह' पुष्कळदा गळतो. आणि अर्थ तळटीपेत 'भाषा' एवढाच देऊ नका, 'जीभ, भाषा' असा द्या. शब्द तोच आहे.