ऑस्टिओब्लास्ट (हाड तयार करणारी पेशी) सिरॅमिकशी ‘आंतरक्रिया’ करते, म्हणजे नक्की काय करते?

धागाकर्ती:
जबड्यात हाड कमी असेल तर दाताचा इंप्लांट बसवण्याआधी सिरॅमिकची भर घालतात. त्याच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. एक वाक्य असं झालंय: ‘अस्थिजनक पेशी मृत्तिकाजन्य रोपणाच्या पृष्ठभागाशी आंतरक्रिया करतात.’ आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “अस्थी कोणाच्या?” पुढचं तिने ऐकलंच नाही. काही सुचतंय का कुणाला?

दाढवैद्य:
आईंचं बरोबर आहे. ‘अस्थी’ म्हटलं की नाशिकचं रामकुंड आठवतं. पेशंटसाठी ‘हाड’च लिहा. आणि ‘मृत्तिकाजन्य’ आधी खोडा. ही वस्तू माझ्या रोजच्या हातातली आहे. छोट्या कुपीत पांढरे दाणे येतात, अर्धा ते एक मिलिमीटरचे, जाड्या रव्यासारखे. पेशंटच्याच रक्तात भिजवले की दाण्यांच्या छिद्रांत रक्त शिरतं आणि सगळा गोळा चमच्याला धरून बसतो. त्यात माती कणभर नाही. कॅल्शियम आणि फॉस्फेट, म्हणजे हाडातलाच माल. दवाखान्यात सगळे ‘बोन पावडर’ म्हणतात, पावडर नसली तरी.

शब्दखोर:
मातीचा घोळ ग्रीकांपासूनचा आहे. ‘केरामोस’ म्हणजे कुंभाराची माती. अथेन्सला केरामेइकोस नावाची वस्तीच होती, आपला कुंभारवाडा म्हणा. पुढे माती गळाली, भट्टी तेवढी उरली. अल्युमिना, झिर्कोनिया ही धातूंची ऑक्साइडंही सिरॅमिकच, त्यांचा मातीच्या घड्याशी संबंध नाही. ‘सिरॅमिक’च ठेवा.
‘ऑस्टिओब्लास्ट’मधला ‘ब्लास्ट’ मात्र स्फोटाचा नाही हं! ‘ब्लास्टोस’ म्हणजे कोंब. गेगेनबाउर या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने 1864 साली हा शब्द घडवला. हाड खाणारी ती ऑस्टिओक्लास्ट; ‘क्लास्टोस’ म्हणजे मोडलेला. गंमत पुढे आहे. हाडातल्या खनिजाच्या घराण्याचं नाव अपेटाइट. व्हेर्नर या जर्मन खनिजतज्ज्ञाने ते 1786 साली ‘फसवणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून ठेवलं, कारण हे खनिज भलत्याच खनिजांसारखं दिसून लोकांना चकवायचं. थोडक्यात, आपण सगळे आतून फसवे.
पेशी की कोशिका? विश्वकोशात कोशिका, शाळेत पेशी. पत्रकात पेशी.

भट्टीवाली:
माझं भांडण ‘आंतरक्रिये’शी आहे. हा शब्द सगळं झाकून टाकतो. पेशीची आणि सिरॅमिकची थेट गाठ पडतच नाही. दाणे रक्तात पडले की आधी पाणी आणि आयन, मागोमाग फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिनसारखी प्रथिनं त्यांवर बसतात. पेशी येते तेव्हा तिला हा थर सापडतो. तिच्या पटलावरचे इंटिग्रिन नावाचे रेणू प्रथिनातली तीन अमिनो आम्लांची खूण ओळखतात आणि तिथे पकड घेतात. सकाळी वाटाण्यासारखी गोल दिसणारी पेशी संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाखाली चपटी, चहूकडे पाय पसरलेली दिसते. पाय पसरायला जागा मिळाली नाही तर बहुधा मरते. पसरली की कोलॅजन हे तंतुमय प्रथिन विणायला घेते आणि मग त्या विणीत खनिज बसतं.

दाढवैद्य:
म्हणजे ‘चिकटते’?

भट्टीवाली:
चिकटतं स्टिकर. अल्युमिना शरीरात बसवला तर शरीर त्याच्याभोवती तंतूंचा पातळ पदर विणून त्याला बाजूला ठेवतं. त्याला ‘अलिप्त’ म्हणा. याउलट अमेरिकन पदार्थशास्त्रज्ञ लॅरी हेंच यांची काच. 1967 साली बसमध्ये व्हिएतनामहून परतलेला एक कर्नल त्यांच्या शेजारी बसला होता. त्याने विचारलं, शरीर नाकारणार नाही असा पदार्थ बनवता येईल का? 1969 साली हेंच यांच्या काचेचा तुकडा उंदराच्या मांडीच्या हाडात बसवला. सहा आठवड्यांनी तो ओढून निघेना. त्या काचेवर अपेटाइटचा थर तयार होतो आणि हाड त्यालाच जोडलं जातं. याला मराठीत एकच क्रियापद आहे, ‘धरणे’. कलम धरलं म्हणतो तसं.

शब्दखोर:
वा. ‘रोपण’ही मग वाईट नाही. आयुर्वेदात व्रणरोपण म्हणजे जखम भरून येणं. पण ‘स्कॅफोल्ड’ला, म्हणजे ज्याच्या आधाराने नवं हाड वाढतं त्या सांगाड्याला, काय म्हणायचं? परांची?

भट्टीवाली:
परांची काम झालं की उतरवतात. इथे कुणी उतरवायला जात नाही. मी ‘मांडव’ म्हणते, वेल चढतो तसा. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट या सिरॅमिकचा मांडव हळूहळू जिरतो, काही अंशी विरघळून, काही ऑस्टिओक्लास्ट आम्ल सोडून खातात म्हणून. भट्टीत नीट भाजलेल्या हायड्रॉक्सिअपेटाइटचा, म्हणजे अपेटाइट घराण्यातल्याच सिरॅमिकचा, वर्षानुवर्षं तसाच राहतो. आणि ‘जिरतो’च लिहा, ‘शोषला जातो’ नको. शोषतो तो टिपकागद.

धागाकर्ती:
हे बघा जमतंय का: ‘हाड तयार करणाऱ्या पेशी या दाण्यांवर आधी पाय रोवतात, मग तिथेच नवं हाड विणतात. हाडाने दाणे धरले की, साधारण चार ते सहा महिन्यांनी, इंप्लांट बसवता येतो.’
आईने या वेळी पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, “आणि नाही धरलं तर?” मूळ इंग्रजी पत्रकात त्यावर एक अक्षर नाही.

दाढवैद्य:
कधीकधी नाही धरत. सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त. ते वाक्य घालाच, कंपनीने खोडलं तर खोडू दे.