मदत हवी आहे : कार्बोनेशनची खोली सूत्राशी जुळत नाही

शोधार्थी
उष्णकटिबंधीय हवामान आणि काँक्रीटचा टिकाऊपणा हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. कार्बोनेशनची (हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरून, सळईला गंजापासून जपणारा त्यातला चुना संपवतो, त्या क्रियेची) खोली काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढते, हे नेहमीचे सूत्र घेऊन मी त्यात तापमान व आर्द्रतेची वार्षिक सरासरी घातली. तरीही काही भिंतींवर मोजलेली खोली अपेक्षेच्या निम्मीच भरते. प्रकरण याच आठवड्यात सादर करायचे आहे. कोणती सरासरी घ्यावी, एवढेच कृपया सांगावे.

गिलावा
एवढ्या माहितीवर उत्तर देता येणार नाही. सिमेंट कोणते होते? भिंतीवर पाऊस थेट पडतो का? आणि कोअर (भिंतीतून कापून काढलेला नमुना) पाण्याखाली कापला होता का? कापताना सुटलेला सिमेंटचा गाळ पृष्ठभागावर पसरला, तर फेनॉल्फ्थॅलीन (कार्बोनेट न झालेल्या काँक्रीटला गुलाबी करणारे सूचक द्रव्य) फवारल्यावर कार्बोनेट झालेली कडही गुलाबी दिसते आणि खोली कमी भरते.

सळई
माझ्या अनुभवात कार्बोनेशनपेक्षा क्लोराइडच (मिठासारख्या क्षारांतला, सळई गंजवणारा घटक) अधिक घातक ठरते. सिमेंटमध्ये फ्लाय अ‍ॅश (कोळशाची बारीक राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळा. छिद्रे बारीक होतात आणि क्लोराइडचा शिरकाव मंदावतो.

गिलावा
क्लोराइडपुरते ते बरोबर आहे. मात्र फ्लाय अ‍ॅशच्या अभिक्रियेत चुना खर्ची पडतो, त्यामुळे क्युरिंग (नव्या काँक्रीटला ओले ठेवणे) अपुरे राहिले तर कार्बोनेशन उलट वेगाने होते. शिवाय प्रश्न उभ्या असलेल्या भिंतींचा आहे, नव्या मिश्रणाचा नव्हे.

ओतकाम
उष्ण हवेत नवे काँक्रीट ओतताना खडी सावलीत ठेवावी आणि मिश्रणाच्या पाण्यात बर्फ घालावा. जाड भागाचे आतले तापमान 70 अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, तर उशिरा तयार होणाऱ्या एट्रिंगाइट नावाच्या, फुगणाऱ्या स्फटिकांमुळे पुढे तडे जाऊ शकतात.

शोधार्थी
सिमेंट साधे आहे, भिंतींवर गिलावा नाही, आणि चाचणी ताज्या फोडलेल्या कोरड्या पृष्ठभागावरच केली आहे. निम्मी खोली पावसाच्या माऱ्यातील भिंतींवर आली. छज्ज्याखालच्या भिंती सूत्राशी बऱ्याच जुळतात.

हवामानवेडा
मग दोष सरासरीच्या निवडीत नाही. पाण्यात कार्बन डायऑक्साइडचे विसरण (पसरणे) हवेतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट मंद असते, म्हणून छिद्रे पाण्याने भरली की कार्बोनेशन जवळजवळ थांबते, आणि भिंत भिजली की नाही हे हवेची आर्द्रता सांगत नाही. फिब (fib) या काँक्रीटविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2006 च्या आयुर्मान-आरेखनाच्या मॉडेल कोडमध्ये यासाठी वेगळा हवामान-घटक आहे: वर्षातले किमान 2.5 मिलिमीटर पावसाचे दिवस मोजायचे आणि त्यांना वाऱ्याच्या दिशेनुसार भिंतीवर पाऊस आदळण्याच्या संभाव्यतेची जोड द्यायची. त्यात पावसाच्या एकूण मिलिमीटरपेक्षा दिवसांची संख्या महत्त्वाची, कारण एका रात्रीत कोसळलेला पाऊस आणि महिनाभराची रिपरिप यांचा भिंतीवरचा परिणाम एक नसतो.

गिलावा
सहमत आहे, पण काँक्रीट पाणी झटकन शोषते आणि सावकाश सोडते. सलग पावसाळ्यात मधले कोरडे दिवसही ओलेच धरावे लागतील. आणि खोली कमी भरली म्हणून त्या भिंती सुरक्षित मानू नयेत. कार्बोनेशन सळईपर्यंत पोहोचल्यावर गंज चढायला ओल लागते, आणि ती याच भिंतींत आहे.

शोधार्थी
पर्जन्यमापकाच्या दैनंदिन नोंदी माझ्याकडे आहेत. वाऱ्याची दिशा मात्र वर्षभराची घ्यावी की फक्त पावसाच्या दिवसांची?

हवामानवेडा
फक्त पावसाच्या दिवसांची, आणि प्रत्येक भिंतीसाठी वेगळी.