इंग्रजी 'गेट'ला (gait) मराठीत काय म्हणावं? चाल, ढब की आणखी काही?

शाईपेन: विद्यापीठांमधल्या यंत्रमानव आणि मानवी हालचालींच्या संशोधनावर लेख लिहितेय. माणसाच्या सांध्यांवर चमकते ठिपके चिकटवतात, भोवतीचे कॅमेरे ते टिपतात, जमिनीत बसवलेली फळी पावलाचा जोर मोजते. त्यावरून पायात घालायची यंत्रं बेततात. सगळं ज्याभोवती फिरतं तो शब्द 'गेट', म्हणजे चालण्याची पद्धत. तसाच लिहिला तर वाचक फाटक शोधेल. 'गती' म्हटलं तर वेग वाटतो.

आडवाट: 'चाल' लिहा की सरळ. गाण्याला चाल असते, बुद्धिबळात असते, शत्रूवरही चाल करून जातात. पण घोड्याची दुडकी चाल म्हटल्यावर कुणी गोंधळतं का?

फिजिओताई: 'चाल' चालेल. पण पेशंटचे नातेवाईक जे बोलतात ते याहून नेमकं असतं. 'बाबा पाय घासत चालतात' म्हणजे दोन्ही पावलं नीट उचलली जात नाहीत. पार्किन्सनमध्ये हे दिसतं. 'पाय ओढत चालतात' म्हणजे एकच पाय मागे राहतो, अर्धांगवायूनंतर राहतो तसा. फेंगडं, लंगडत, झोकांड्या खात, तुरुतुरु... लेखात हीच क्रियापदं येऊ द्या.

शाईपेन: हे फारच कामाचं! आता 'स्टान्स' आणि 'स्विंग', म्हणजे चालताना पाय जमिनीवर असतो तो काळ आणि हवेत असतो तो. मी 'आधारावस्था' आणि 'दोलनावस्था' लिहिलं, तर संपादक म्हणाले, शिलालेख आहे का?

आडवाट: 'टेक' आणि 'झोका'. साधारण चालीत एका पायाच्या चक्रातला सुमारे 60 टक्के वेळ तो टेकलेला असतो, 40 टक्के हवेत. म्हणजे मधे थोडा वेळ दोन्ही पाय जमिनीवर. धावताना तो वेळच उरत नाही.

कीसपाडू: झोका बागेतला. 'फेक' का नको?

फिजिओताई: नको हो! 'पाय फेकत चालतो' ही आमच्याकडे तक्रार असते.

आडवाट: शिवाय पाय खरंच झुलतो. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात टॅड मॅकगीर यांनी मोटार नसलेले यांत्रिक पाय हलक्या उतारावरून चालवून दाखवले; त्यांचा निबंध 1990चा. गुरुत्वाकर्षण आणि लोलकासारखे पाय, बस.

शाईपेन: झोका पक्का. 'एक्सोस्केलेटन'चं, म्हणजे त्या पायात घालायच्या यंत्राचं, काय? 'बाह्यकंकाल' वाचलं की मला झुरळ आठवतं.

फिजिओताई: कुठलं यंत्र आहे त्यावर ठरवा. 2015 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेलं साधन घोट्याला लावायचं होतं. बॅटरी नाही, मोटार नाही. पोटरीमागे स्प्रिंग आणि एक क्लच. चालायला लागणारी ऊर्जा त्याने सुमारे 7 टक्क्यांनी कमी झाली. त्याला कसला कंकाल म्हणता? पोलिओमुळे 'कॅलिपर' गावोगाव माहीत आहे. 'स्प्रिंगचा कॅलिपर' म्हणा.

कीसपाडू: कॅलिपर आधार देतो, हे रेटा देतं. आणि कमरेपासून पायापर्यंत मोटारी असलेलं यंत्र असेल तर?

आडवाट: त्याला 'अंगावरचा सांगाडा'. भुताटकी वाटली तर वाटू दे.